गर्भातील जीवाची बाजू महाविद्यालयात मांडताना

गर्भात वाढणाऱ्या जीवाला जगू द्यावे असे मानणाऱ्या व्यक्ती आणि संस्था आपले म्हणणे घेऊन अमरावती परिसरातील विद्यार्थ्यांपुढे जातात, तेव्हा समोर बसलेल्या वर्गात दोन प्रकारचे श्रोते असतात. बहुसंख्यांना हा प्रश्न अजून आपला वाटत नसतो, कारण लग्न आणि संसार त्यांच्या दृष्टीने दूरच्या गोष्टी असतात. आणि ज्या एखाद-दुसरीला तो आपला वाटतो, तिच्यासाठी तो इतका जवळचा असतो, की चारचौघांत त्याचा उच्चारही तिला नकोसा होतो. व्याख्याता बहुधा पहिल्या प्रकारच्या श्रोत्यांना डोळ्यांसमोर ठेवून बोलतो आणि त्याच्या शब्दांचा घाव दुसऱ्या प्रकारच्या श्रोत्यावर बसतो. उपक्रम आखताना ही विषमता आधी ध्यानात घेतली, तर पुढचे बरेच निर्णय आपोआप सोपे होतात.

इंग्रजीतून ‘प्रो-लाइफ’ या नावाने परिचित झालेला विचार पाश्चात्त्य देशांत मुख्यतः गर्भपाताचा कायदा असावा की नसावा या वादाभोवती फिरला. महाराष्ट्रात तोच प्रश्न तीन निराळ्या वाटांनी आला: एकोणिसाव्या शतकात विधवेच्या पोटी आलेल्या मुलाच्या रूपाने, १९८० च्या दशकापासून मुलीच्या गर्भाच्या रूपाने आणि अलीकडे तपासणीत व्यंग आढळलेल्या गर्भाच्या रूपाने. या तिन्ही प्रसंगी मुलाचे जगणे आईच्या भोवतालच्या माणसांवर अवलंबून होते व आहे. म्हणून ज्या उपक्रमात उपदेश भरपूर आणि सोय शून्य आहे, तो कितीही सद्हेतूने चालवला तरी मूळ प्रश्नाला स्पर्श करीत नाही.

या बाबतीत मराठी मुलखाला बाहेरून नमुना आणण्याची गरज नाही. ज्योतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, त्यावेळी फसवणुकीला बळी पडलेल्या विधवेपुढे गर्भ पाडणे, जन्मलेले मूल मारून टाकणे किंवा स्वतः जीव देणे एवढेच पर्याय समाजाने शिल्लक ठेवले होते. फुले दांपत्याने शहरात जाहिराती लावून तिला गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत होण्याची सोय कळवली आणि मूल बरोबर न्यावे की मागे ठेवावे याचा निर्णय तिच्यावरच सोपवला. याच घरात जन्मलेला यशवंत पुढे त्यांनी दत्तक घेतला. १८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी अशीच संस्था उभी केली. वऱ्हाडचा वाटा वैचारिक आहे आणि तो तितकाच मोलाचा आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्य करण्यात आली, आणि वर्तमानपत्रांतून सरसकट स्त्रीजातीची निंदा सुरू झाली. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध करून, त्या बाईला त्या थराला आणणारा पुरुष आणि तिला थारा न देणारा समाज यांना कोण जाब विचारणार, असा मुद्दा उभा केला. आजचा बुलढाणा जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांपैकी एक आहे. विद्यापीठाच्या आवारात या विषयावर बोलणाऱ्याने ताराबाईंचा निबंध वाचलेला असणे ही किमान अपेक्षा ठरावी.

पूर्वतयारीत कायद्याचा अभ्यास पहिला. येथे दोन स्वतंत्र कायदे आहेत आणि त्यांची सरमिसळ करणे ही या क्षेत्रातील सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा असून त्यात २०२१ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने आणि वीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान, नियमांत सांगितलेल्या वर्गांतील स्त्रियांच्या बाबतीत, दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यानंतर गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाचा निर्णय लागतो. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत तिची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याची किंवा आईवडिलांची लागत नाही, आणि तिचे नाव उघड करणे हा डॉक्टरचा गुन्हा होतो. अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांच्या तरतुदीचा लाभ मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट केले आहे. दुसरा कायदा गर्भलिंग निवडीला मनाई करणारा आहे. महाराष्ट्राने असा कायदा देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला व १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला, आणि २००३ मध्ये गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीलाही तो लागू करण्यात आला. पुढे गर्भपात होवो वा न होवो, या कायद्याने लिंग विचारणे, तपासणे आणि खुणेने सुचवणे हेही गुन्हेच आहेत.

गर्भपात नैतिकदृष्ट्या चुकीचा आहे असे मानण्याचा व तसे सांगण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. परंतु कायद्याच्या चौकटीत केलेलाही तो गुन्हा आहे असे सुचवणे ही विद्यार्थ्यांची दिशाभूल ठरते. ‘भ्रूणहत्या थांबवा’ एवढेच लिहिलेल्या फलकातून नेमका हाच गैरसमज पसरतो, म्हणून फलकावर ‘गर्भलिंग निवड’ असे स्पष्ट लिहिणे श्रेयस्कर. या सरमिसळीचे परिणाम कागदावर राहत नाहीत. लिंगनिवडीविरुद्ध कारवाईचा जोर वाढला, तेव्हा राज्यातील अनेक औषध दुकानदारांनी गर्भपाताच्या कायदेशीर गोळ्या ठेवणेच सोडून दिले आणि अडलेल्या स्त्रियांना नको त्या दारात जावे लागले. सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे २०१७ मध्ये एका विवाहितेचा बेकायदा गर्भपातात मृत्यू झाल्यानंतर तपासात एकोणीस भ्रूणांचे अवशेष सापडले. चोरून चाललेल्या व्यवहारात गर्भाबरोबर आईचाही जीव जातो, हे त्या प्रकरणाने सर्वांना दाखवून दिले.

वैद्यकीय विधानांबाबतही तीच दक्षता हवी. योग्य रीतीने केलेल्या गर्भपातामुळे स्तनाचा कर्करोग होतो किंवा कायमचे वंध्यत्व येते, ही विधाने प्रचारसाहित्यात आढळतात, पण वैद्यकशास्त्राचा त्यांना आधार नाही. विज्ञान शाखेतील एखादा विद्यार्थी जागेवर बसून मोबाइलवर ते पडताळतो आणि मग वक्त्याची बाकीची खरी विधानेही वाया जातात. गर्भाची वाढ सांगायची तर ती आहे तशी सांगितली तरी विलक्षण आहे: साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत हृदयाची हालचाल दिसू लागते आणि बाराव्या आठवड्यापर्यंत हातापायांची बोटे वेगळी झालेली असतात. त्याच तासात आणखी एक गोष्ट फळ्यावर आकृती काढून अवश्य समजावून द्यावी, ती म्हणजे मुलगा होणार की मुलगी हे पित्याच्या शुक्रपेशीतील गुणसूत्रावर ठरते. हे बारावीच्या पुस्तकात असते, परीक्षेत लिहिलेही जाते, आणि तरीही घरी दुसरी मुलगी झालेल्या वहिनीला दोष देताना ते कोणालाच आठवत नाही.

आकडेवारी वापरायची तर ती आपल्या भागाची वापरावी. जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे असलेल्या मुलींच्या संख्येला बाल लिंग गुणोत्तर म्हणतात. महाराष्ट्रात ते १९९१ मध्ये ९४६ होते, २००१ मध्ये ९१३ झाले आणि २०११ मध्ये ८९४ वर आले. अमरावती जिल्ह्याचे प्रमाण राज्याच्या सरासरीहून बरे होते. उलट शेजारचे बुलढाणा आणि वाशिम हे जिल्हे २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेच्या पहिल्या शंभर जिल्ह्यांच्या यादीत होते. तेव्हा बीडसारख्या दुसऱ्या जिल्ह्याचे आकडे सांगून अमरावतीच्या मुलांना खडसावण्यात अर्थ नाही. एकाच विद्यापीठाच्या क्षेत्रात हा फरक का पडला असावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे टाकला तर ते स्वतः विचार करू लागतात.

प्रश्नांमधून पुढे सरकण्याची ही रीत या मातीतलीच आहे. विद्यापीठाला ज्यांचे नाव दिले आहे ते गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या माणसाला साधा प्रश्न विचारीत, उत्तर त्याच्याच तोंडून काढीत आणि त्या उत्तरातील विसंगती त्यालाच दाखवीत. महाविद्यालयातील सत्रासाठी याहून चांगली पद्धत शोधून सापडणार नाही. दोनशे मुलांच्या सभागृहापेक्षा तीस-चाळीस जणांचा वर्ग घ्यावा, आणि मुलामुलींचे एक सत्र एकत्र व दुसरे वेगवेगळे ठेवावे. प्रश्न लिहून टाकण्यासाठी पेटी ठेवावी, व कोणी लिहिले हे कळू नये म्हणून प्रत्येकाला कोरी चिठ्ठी देऊन ती, काही लिहिलेले असो वा नसो, घडी घालून टाकायला लावावी. भातकुली तालुक्यातून अमरावतीला शिकायला येणाऱ्या मुलीच्या दृष्टीने ही शेवटची सूचना क्षुल्लक नाही. ती सकाळच्या एसटीने येते आणि त्याच गाडीत तिच्या गावची आणखी पाच-सात मुले असतात; वर्गात तिने हात वर करून विचारलेला प्रश्न संध्याकाळपर्यंत तिच्याआधी घरी पोहोचलेला असतो. हेच वेळेबाबत. दुपारी चारचा कार्यक्रम वसतिगृहातील मुलांनाच सोयीचा असतो, खारपाणपट्ट्यातील गावांना परतणारी मुले तोपर्यंत बसस्थानकावर गेलेली असतात. म्हणून सत्र सकाळच्या तासिकांच्या वेळेत, प्राचार्यांच्या लेखी परवानगीने आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना बरोबर घेऊन ठेवावे. फाटकाबाहेर पत्रके वाटून निघून जाणाऱ्यांविषयी विद्यार्थ्यांना आदर वाटत नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

रक्तबंबाळ छायाचित्रे दाखवण्याचा मोह टाळावा. त्यांमुळे क्षणभर धक्का बसतो, पण समोरच्या बाकावर कोण बसले आहे हे दाखवणाऱ्याला ठाऊक नसते. घरच्यांच्या दबावाखाली या प्रसंगातून गेलेली विवाहित विद्यार्थिनी तिथे असू शकते, आणि नैसर्गिक गर्भपाताचे दुःख ताजे असलेली एखादी प्राध्यापिकाही. ‘मारेकरी’, ‘पापीण’ असले शब्द तर व्यासपीठावरून येताच कामा नयेत. पथनाट्य करायचे असल्यास ज्योती म्हापसेकर यांच्या ‘मुलगी झाली हो’ या १९८३ पासून गाजलेल्या नाटकाच्या प्रयोगांचा अभ्यास करावा. विषय हसतखेळत मांडूनही प्रेक्षकाला अंतर्मुख करता येते, हे त्यात दिसते. धार्मिक युक्तिवादाबाबत एवढेच सांगणे पुरे, की भातकुली हे जैनांचे तीर्थक्षेत्र आहे आणि अहिंसेच्या तत्त्वातून गर्भस्थ जीवाचा विचार करणाऱ्यांना येथे श्रोता मिळेल, मात्र महाविद्यालयाच्या वर्गात बौद्ध, मुस्लिम, हिंदू, जैन अशी सर्व मुले बसलेली असल्याने श्रद्धेचे विधान श्रद्धा म्हणूनच मांडावे, शास्त्राच्या वेशात आणू नये.

मुलांसाठीच्या सत्राला बहुतेक ठिकाणी दुय्यम स्थान मिळते, वस्तुतः ते अधिक काळजीने घ्यायला हवे, कारण चार-पाच वर्षांनी सोनोग्राफी केंद्रात बायकोबरोबर जाणारे हेच असतात. ‘वंशाचा दिवा’ या कल्पनेवर नुसती टीका करून ते हलत नाहीत. हिशेबाच्या भाषेत बोलल्यास हलतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. प्रत्यक्षात वडील गेल्यावर सातबारावर वारसांची नावे चढतात आणि थोड्याच दिवसांत बहिणींना तहसीलच्या गावी बोलावून हक्कसोड पत्रावर सह्या घेतल्या जातात. कापूस-तुरीच्या चार एकरांचे आणखी तुकडे नकोत, हे त्यामागचे कारण सर्वांना पटलेले असते. बहिणीला वावरात वाटा नाही, म्हणून तिच्या लग्नात हुंडा. हुंडा द्यावा लागतो, म्हणून मुलगी म्हणजे खर्च. आणि खर्च म्हणून दुसऱ्या खेपेस तपासणी, ही साखळी मुलांना स्वतः फळ्यावर मांडायला लावावी. आपण हक्कसोड मागणार का आणि हुंडा घेणार का, हे दोन प्रश्न विचारल्यावर वर्गात जी शांतता पसरते, ती भंग करण्याची वक्त्याने घाई करू नये. हात वर करून शपथ देवविण्याचा प्रकार मात्र निरुपयोगी आहे. सामूहिक शपथ घेताना कोणाचाच स्वतःचा निर्णय होत नाही.

व्यंग असलेल्या गर्भाचा प्रश्न सर्वांत कठीण, आणि त्यावर ठाम फर्मान काढणाऱ्यापासून सावध राहिलेले बरे. तरीही अपंग मूल म्हणजे वाया गेलेले आयुष्य हे गृहीतक तपासून पाहण्यासाठी विद्यार्थ्यांना अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे जरूर न्यावे. तेथे शंकरबाबा पापळकर यांनी बसस्थानके, रेल्वे फलाट आणि उकिरड्यांवर टाकून दिलेली अंध, मूकबधिर व मतिमंद मुले वाढवली, त्यांना वडील म्हणून स्वतःचे नाव दिले आणि त्यांची लग्ने लावली; या कार्यासाठी त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. रेल्वे स्थानकावर बेवारस सापडलेली, दृष्टी नसलेली एक मुलगी याच ठिकाणी वाढून, अमरावतीच्या महाविद्यालयात शिकून, लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या अशा मुलांनी जायचे कुठे, हा प्रश्न बाबांनी वर्षानुवर्षे शासनापुढे लावून धरला आहे. जन्माचा आग्रह धरणाऱ्याने या प्रश्नाचे उत्तरही शोधायला हवे.

सत्र संपल्यावर एखादी विद्यार्थिनी कोपऱ्यात थांबते, मैत्रिणीचे म्हणून काही विचारते, तेथून खरे काम सुरू होते. अशा वेळी कार्यकर्त्याने, शक्यतो स्त्री कार्यकर्तीने, तिला बसवून ऐकून घ्यावे. ‘मैत्रिणीचे’ हे पांघरूण ओढून काढू नये. गर्भ आहे की नाही याची खात्री, आईची प्रकृती आणि आठवड्यांची गणना या गोष्टी डॉक्टरच सांगू शकतो, म्हणून प्रथम तिला अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या डफरीनमध्ये, जाण्यास सुचवावे व ती म्हणाल्यास सोबत जावे. तिला मूल हवे आहे पण घरची भीती आहे, हवे-नकोचा निर्णय होत नाही, की निर्णय झालेला आहे, हे तिच्या तोंडून येऊ द्यावे. दिवस वाढावेत म्हणून तिला चुकीची माहिती देणे किंवा रुग्णालयात नेण्यास टाळाटाळ करणे ही फसवणूक आहे, हेतू कोणताही असो. मुलगी अठरा वर्षांखालील असेल, आणि कनिष्ठ महाविद्यालयात ती असणारच, तर लैंगिक अत्याचारापासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार घटनेची माहिती देण्याचे बंधन ऐकणाऱ्यावर येते. तेव्हा ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन आधीच देऊ नये, काय सांगावे लागेल आणि कशासाठी, हे तिला अगोदर समजावून द्यावे.

मूल जन्माला घालून सांभाळणे शक्य नाही, अशा मातेसाठी बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये समर्पणाची तरतूद आहे. बालकल्याण समितीपुढे, समुपदेशनानंतर, मूल स्वाधीन करण्याचा लेख करता येतो. त्यानंतर तिला पुनर्विचारासाठी साठ दिवस मिळतात, आणि त्या मुदतीत तिने मूल परत नेले नाही तर ते मान्यताप्राप्त दत्तक संस्थेमार्फत योग्य कुटुंबात जाऊ शकते. ही सारी कार्यवाही गोपनीय असते. मूल बेवारस टाकणे हा गुन्हा आहे, तसेच एखाद्या परिचारिकेच्या वा नातलगाच्या ओळखीने मूल परस्पर देऊन टाकणे हाही गुन्हा आहे. गावांत दुसरा प्रकार पुण्यकर्म समजला जातो, म्हणून तो मुद्दाम सांगावा लागतो. कन्याजन्माचे आर्थिक दडपण हे कारण असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी असलेल्या ‘लेक लाडकी’ योजनेची माहिती द्यावी. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांना तिच्यातून टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात, आणि जन्माच्या वेळचा हप्ता ५ हजारांचा असतो.

लिंगनिदान चालते अशी कुणकुण विद्यार्थ्यांना लागल्यास त्यांनी स्वतः बनावट ग्राहक पाठवून सापळा रचू नये. त्यात गरोदर स्त्री धोक्यात येते आणि पुरावाही न्यायालयात टिकेलच असे नाही. तक्रार समुचित प्राधिकाऱ्याकडे करावी. जिल्ह्यात हे अधिकार जिल्हा शल्य चिकित्सकांकडे आणि तालुक्याच्या पातळीवर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडे असतात. दाद लागली नाही, तर पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन नागरिकाला थेट न्यायालयातही जाता येते. १८०० २३३ ४४७५ या निःशुल्क क्रमांकावर नाव न सांगता माहिती देण्याची सोय आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर भातकुली तालुक्यातील एखाद्या गावी असेल, तर एक दुपार आशा सेविकेबरोबर घालवण्याची योजना करावी. गेल्या काही वर्षांत गावात किती मुली व किती मुलगे जन्मले हे तिच्या नोंदवहीतून विद्यार्थ्यांनी स्वतः उतरवून घ्यावे, मात्र लहान गावाच्या एका वर्षाच्या आकड्यांवरून कोणावर संशय घेऊ नये, कारण इतक्या थोड्या जन्मांत फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. महाविद्यालयात परतल्यावर मुलींच्या विश्रांतिकक्षात व ग्रंथालयात एक साधा कागद लावावा. त्यावर महिलांसाठी १८१, बालकांसाठी १०९८, मनःस्वास्थ्यासाठी १४४१६ हे क्रमांक, डफरीनच्या बाह्यरुग्ण विभागाची वेळ, बालकल्याण समितीचा पत्ता आणि महाविद्यालयातील एका विश्वासू प्राध्यापिकेचे नाव असावे, तिची संमती घेऊनच. प्रत्येक शैक्षणिक सत्राच्या आरंभी कोणीतरी हे सर्व क्रमांक स्वतः लावून पाहावेत, वेळ बदलली असल्यास दुरुस्त करावी आणि प्राध्यापिकेची बदली झाली असल्यास कागद त्याच दिवशी बदलावा.